लुगड्याची लांबी, फोटोचा रंग

डिसेंबर १९२७. महाडची सत्याग्रह परिषद संपत आली होती. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं होतं. कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम हातात पडल्यामुळे चवदार तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करून गावातून मिरवणूक निघाली होती. जमलेली सुमारे दहा हजार माणसं आता आपापल्या वाटेला लागणार होती. त्या आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या बायकांशी वेगळं बोलले. मुलींना शाळेत घाला, मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजू देऊ नका, हे तर त्यांनी सांगितलंच. पण त्या भाषणाचा मोठा भाग बायकांच्या दिसण्याबद्दल होता. लुगडं कसं नेसता, गळ्यात काय घालता, हातात काय घालता, याबद्दल.

अस्पृश्य बायकांनी लुगडं आखूड, गुडघ्याच्या आसपास राहील असं नेसायची रीत होती. गळ्यात एकावर एक गळसऱ्या, मनगटापासून कोपरापर्यंत चांदीच्या नाहीतर कथलाच्या गोठ-पाटल्या. बाबासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. तुमची जात लांबून ओळखता यावी म्हणून ही खूण तुमच्या अंगावर आहे, ती उतरवा. लुगडं पांढरपेशा बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा. फाटकं असलं तरी चालेल, स्वच्छ असू द्या. एकीपेक्षा जास्त गळसरी कशाला हवी? दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, जमत नसेल तर घालूच नका.

आणि बायकांनी ते ऐकलं. घरी जाऊन नवऱ्याला विचारू, पुढच्या सणाला बघू, असं म्हणत त्या थांबल्या नाहीत. महाडमध्येच लुगडी नव्या पद्धतीने नेसली गेली. अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस हे परिषदेचे खंदे सवर्ण साथी. टिपणीस तर महाड नगरपालिकेचे अध्यक्ष. त्यांच्या घरातल्या बायका मदतीला आल्या आणि त्यांनी या बायकांना लुगडी नेसवून दाखवली. या तपशिलापाशी मी प्रत्येक वेळी थांबते. दुसऱ्या बाईला लुगडं नेसवायचं म्हणजे लांबून सूचना देऊन भागत नाही. निऱ्या घालून खोचाव्या लागतात, कासोटा ओढून घ्यावा लागतो, पदर खांद्यावर बसवावा लागतो. कमरेला, पाठीला हात लागतो. ज्या गावात तळ्याच्या पाण्याला अस्पृश्यांचा हात लागला म्हणून नऊ महिन्यांपूर्वी दंगल पेटली, त्या गावात हे घडलं.

इतिहासाच्या पुस्तकांत तळ्याला पानं मिळतात, मनुस्मृतीला पानं मिळतात, लुगड्याला दोन ओळी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या तोंडून तो काळ लिहून काढला नसता तर त्या दोन ओळींमागच्या बाया आपल्याला दिसल्याही नसत्या. मी हा प्रसंग इथे सविस्तर सांगते आहे, कारण महाड-पोलादपुरात आज मोबाइलवर आपला फोटो टाकणाऱ्या, त्यावर येणाऱ्या शेऱ्यांनी सुखावणाऱ्या किंवा रात्रभर रडणाऱ्या मुलींबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. मी कशी दिसावी, कुणाला दिसावी आणि त्यावर कुणी बोलावं, हा या मातीतला जुना झगडा आहे. फोन त्यात फार उशिरा आला.

त्या बायका नवी नेसण घेऊन कुठे परतल्या, याचाही विचार करायला हवा. १९ आणि २० मार्च १९२७ च्या पहिल्या परिषदेनंतर काय झालं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, आणि तरीही माणसं प्रत्यक्ष पाणी प्यायली तेव्हा हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून त्यांना मारहाण झाली. जेवत असलेल्यांना मारलं, गावाकडे निघालेल्यांना वाटेत गाठलं. तेव्हा डिसेंबरात घोटा झाकणारं लुगडं नेसून रायगड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत पाऊल टाकणं म्हणजे, ‘मला आता जुन्या खुणेवरून ओळखता येणार नाही’ हे सगळ्या गावाला दाखवणं होतं. त्यात धोका होता आणि तो त्यांनी पत्करला.

काही अभ्यासक विचारतात, बाबासाहेबांनी बायकांना सवर्ण बायकांची नक्कल करायला का सांगावं? प्रश्न रास्त आहे, पण मला तो पटत नाही. ज्या नेसणीची सक्ती आहे ती टाकून दिल्याशिवाय आवडीची नेसण निवडायला जागाच मिळत नाही. आधी खूण पुसायची, मग हवं ते नेसायचं. शंभर वर्षांनंतरचं महाड पाहिलं की दुसरी पायरीही दिसते.

२० मार्चला आणि २५ डिसेंबरला चवदार तळ्यावर आणि क्रांतिस्तंभापाशी मुंबईहून, मराठवाड्यातून, विदर्भातून गाड्या भरभरून माणसं येतात. पांढऱ्या साड्या, निळ्या काठाच्या साड्या, निळे फेटे, सूट-टाय घातलेली लहान मुलं. तळ्यातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे पाठ करून फोन उंच धरला जातो. तिथे काढलेला फोटो त्याच मिनिटाला स्टेटसला लागतो, डीपी होतो, कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. या फोटोंकडे पाहून नाक मुरडणारे लोक मला भेटतात. ‘अभिवादनाला येतात की सेल्फीला?’ ज्या पाण्यापाशी आपल्या पणजीने दिसणंही गुन्हा होता, तिथे पणतीने आपला चेहरा आणि ते पाणी एका चौकटीत धरणं हे अभिवादन नाही तर काय आहे?

रायगड किल्लाही महाड तालुक्यातच. ६ जूनला शिवराज्याभिषेकाच्या दिवशी पाचाडपासून पायऱ्यांवर जे दिसतं, तेही दिसण्याचंच पर्व असतं. नऊवारी, नथ, कपाळावर चंद्रकोर. पोरांची कोरलेली दाढी आणि कपाळावर गंध. हे फोटो पुढे आठवडाभर इन्स्टाग्रामवर फिरतात आणि त्याखाली नेसणीबद्दल, नथीच्या मोत्यांबद्दल, फेट्याच्या बांधणीबद्दल तासन्‌तास गप्पा रंगतात. मग जुलै उजाडतो आणि लावणीचे फोटो येतात. भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात, लुगडं वर खोचून रांगेने उभ्या असलेल्या बाया आणि कॉलेजातून सुट्टीला आलेल्या त्यांच्या लेकी. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं. १९२७ मध्ये जे सक्तीचं म्हणून टाकून द्यावं लागलं, तेच आज कामाची सोय म्हणून खोचलेलं असतं आणि आपल्या शेतात आपण राबतो म्हणून मिरवलं जातं. कापड बदललेलं नाही. ते वर खोचायचं की खाली सोडायचं हे ठरवणारा हात बदलला आहे. मला तर हे फोटो फार आवडतात. फिल्टर लावायला त्यांना फुरसत नसते, पावसाचं पाणी लेन्सवर असतं आणि चेहऱ्यावर दमलेलं हसू असतं.

पण सगळेच फोटो असे मोकळे नसतात.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतलं क्वचितच एखादं घर असेल ज्याचं कुणी मुंबईत नाही. पूर्वी चाकरमानी पत्र पाठवायचा, मनीऑर्डर पाठवायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि गाव व मुंबई यांच्यात दिवसभर बोलणं सुरू झालं. प्रत्येक वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात दोन-तीन पिढ्या आहेत, गावकीचे मानकरी आहेत आणि सासरी गेलेल्या मुलीही. गणपतीत, शिमग्याच्या पालखीत फोटो टाकला की शेरे येतात. ‘किती बारीक झालीस गं.’ ‘काळी पडलीस, मुंबईची हवा मानवली नाही वाटतं.’ ‘तब्येत सुधारली हं.’ बोलणाऱ्याच्या मनात बहुधा माया असते. समोरासमोर हेच ऐकलं असतं तर चहाच्या घोटाबरोबर विरून गेलं असतं. ग्रुपवर ते लिहिलेलं राहतं, दीडशे माणसं वाचतात, आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी ते रात्री पुन्हा उघडून वाचते.

त्याहून जास्त काळजी मला वधू-वर ग्रुपची वाटते. जातवार, पोटजातवार, तालुकावार असे ग्रुप आहेत. कुणबी, मराठा, बौद्ध, प्रत्येक समाजाचे वेगळे. मुंबईतली मंडळं आणि गावाकडची माणसं त्यांतून जोडलेली. सोय आहे हे मान्य. पूर्वी सोयरिकीसाठी मामाला दहा गावं पालथी घालावी लागत. पण त्या ग्रुपवर जे फिरतं त्याचा नमुना पाहा. वर गणपतीचं चित्र, खाली नाव, जन्मवेळ, रास, उंची, शिक्षण, मामाकुळ, आणि मध्ये एक ओळ ‘रंग’. त्यापुढे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. शेवटी फोटो दोन, एक उभा पूर्ण आणि एक चेहऱ्याचा. हा कागद शेकडो अनोळखी फोनमध्ये जातो. एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. लग्न ठरल्यावर तो कुणी पुसत नाही. मुलगी दोन मुलांची आई झाली तरी तिचा विसाव्या वर्षीचा साडीतला फोटो, उंची आणि रंग यांच्यासकट, कुठल्यातरी परक्या माणसाच्या गॅलरीत पडून असतो. बहुतेक मुलींना हा फोटो नेमका कुठे कुठे गेला हे माहीत नसतं, कारण तो त्यांनी टाकलेलाच नसतो. बापाने, काकाने, आत्याच्या दिराने टाकलेला असतो. जी मंडळी मुलीने स्वतःहून इन्स्टाग्रामवर फोटो टाकला तर घर डोक्यावर घेतात, तीच तिचा फोटो न विचारता पाचशे जणांना पाठवतात. हा दुटप्पीपणा आपण सगळ्यांनी बंद करायला हवा.

मुलांनाही हे चुकलेलं नाही. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेल्या मुलाचा फोटो बघून केस विरळ आहेत, उंची कमी आहे, असं सरळ लिहून नकार कळवला जातो. मुलं त्यावर बोलत नाहीत. टोपी घालून फोटो काढू लागतात.

‘रंग’ ही ओळ नवी नाही, पण फोनने तिला यंत्राचं बळ दिलं. बहुतेक स्वस्त फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ‘ब्युटी’ नावाची सोय असते. ती त्वचा गुळगुळीत करते आणि चेहरा उजळवते. सह्याद्रीच्या उन्हात वाढलेल्या मुलीला पहिल्याच सेल्फीत स्वतःचा एक उजळ चेहरा भेटतो आणि मग आरशातला चेहरा कमी वाटू लागतो. यंत्रांचा हा कल फार जुना आहे. कोडॅक कंपनी फिल्मचे रंग जुळवण्यासाठी जी नमुन्याची छायाचित्रं फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना पाठवायची, त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यांवर अनेक दशकं गोऱ्या बाईचाच चेहरा असे, आणि गडद त्वचेचे चेहरे त्या फिल्मवर नीट उठत नसत. पुढे डिजिटल आलं, तरी खोट गेली नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. आपल्याकडे १९७५ पासून विकल्या गेलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढला. बायोडेटातली ओळ मात्र तशीच आहे.

आणि फोटोंच्या या व्यवहारातून पैसे कमावणाऱ्यांना हे माहीत आहे. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा किशोरवयीन मुलींमधल्या दर तीनपैकी एकीच्या बाबतीत आपल्या शरीराबद्दलची नाराजी इन्स्टाग्राम वाढवतं, असं कंपनीच्याच एका सादरीकरणात नोंदवलेलं निघालं. महाडच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बोटाने पडदा वर सरकवणारी मुलगी त्या हिशेबात धरलेली आहे. तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

मग तिला काय सांगायचं? आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, फोटोच टाकू नको. मला या सल्ल्याचा राग येतो. तळ्यावर जाऊ नका, वाद होईल, हा १९२७ मधला सल्लाही याच जातीचा होता. आपलं रूप, आपला पोशाख, आपली माणसं जगापुढे ठेवावीत ही इच्छा निर्मळ आहे आणि तिच्यातून चांगलंही खूप घडतं. २०१५ मध्ये बंगळुरूच्या दोन मैत्रिणींनी वर्षात शंभर वेळा साडी नेसून, प्रत्येक साडीची गोष्ट फोटोसह सांगायचा संकल्प सोडला आणि हजारो बायका त्यात आल्या. आईची साडी, आजीची साडी, पहिल्या पगाराची साडी. मराठी बायकांचेही साडीचे असे समूह आहेत. तिथे कुणी कुणाला रंग विचारत नाही. काठ विचारतात, वीण विचारतात, ‘नऊवारीचा कासोटा सैल पडतो, काय करू?’ असं विचारतात, आणि कुणीतरी अनोळखी बाई निऱ्या कशा धरायच्या याचा फोटो काढून पाठवते. दिसण्याबद्दलचं बोलणं एवढं माणुसकीचं असू शकतं.

२०१७ च्या शरदात गुजरातमध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या लिंबोदरा गावात दलित तरुणांना मिशा ठेवल्या म्हणून मारहाण झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. त्यावर राज्यभरातल्या दलित पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा डीपी बदलला. पीळ दिलेल्या मिशीचं चित्र, मुकुट आणि ‘मिस्टर दलित’ ही अक्षरं. कित्येकांनी स्वतःच्या मिशांना ताव देतानाचे फोटो टाकले. महाडच्या लुगड्याचं नव्वद वर्षांनंतरचं हे सख्खं भावंड म्हणावं लागेल. कुणी कसं दिसावं हे जात ठरवणार नाही, हे सांगायला त्या पोरांनी आपला चेहराच पुढे केला. एकट्याने टाकला असता तर तो झोडला गेला असता. अनेकांनी एकदम टाकला म्हणून त्याला बळ आलं. महाडमध्येही बायकांनी लुगडी एकेकटीने घरी जाऊन बदलली नव्हती.

म्हणून मुलींना, आणि त्यांच्या आया-बापांना, भीतीपेक्षा माहिती द्यायला हवी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये एक स्पष्टीकरण आहे, ते प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहायला हवं. एखाद्या स्त्रीने आपलं खासगी छायाचित्र काढायला संमती दिली, पण ते तिसऱ्या कुणाकडे जाऊ नये अशी तिची अपेक्षा असताना कुणी ते पुढे पसरवलं, तर तो गुन्हा आहे. फोटो काढू दिला म्हणजे वाटायचा परवाना दिला असं कायदाही मानत नाही. मुलीच्या मनातून ‘माझीच चूक’ हे काढायला एवढी ओळ पुष्कळ उपयोगी पडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई खासगी अवयवांची छायाचित्रं संमतीशिवाय टिपणं आणि पाठवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. २०२१ च्या नियमांनी नग्न किंवा चेहरा जोडून बनवलेल्या चित्रांबद्दल पीडित व्यक्तीने तक्रार केली की ती हटवण्यासाठी कंपन्यांना मुदत घालून दिली. तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या करता येते, पोलीस ठाण्यात जाण्याचं धैर्य नसेल तर तिथून सुरुवात होते. आणि जातीवरून शिवीगाळ असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदाना या अभिनेत्रीचा चेहरा दुसऱ्या बाईच्या चित्रफितीवर चिकटवला गेला, तेव्हा देशभर गदारोळ झाला. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतल्या मुलीच्या बाबतीत तसं घडलं तर गदारोळ होणार नाही. तिचं कॉलेज बंद होईल आणि घाईने लग्न उरकलं जाईल. म्हणूनच तिच्या आईला हे कायदे आधी माहीत हवेत.

वधू-वर ग्रुप चालवणाऱ्यांकडे तर कायद्याचीही वाट पाहायचं कारण नाही. मुलीने स्वतः ‘हो’ म्हटल्याशिवाय फोटो घ्यायचा नाही. ठरल्यावर सगळ्यांना पुसायला सांगायचं. आणि नमुन्यातली ‘रंग’ ही ओळ काढून टाकायची. एका मंडळाने हे केलं तरी शेजारच्या मंडळाला उत्तर द्यावं लागेल.

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाला. भाषणं होतील, प्रदर्शनं लागतील, तळ्याचे आणि क्रांतिस्तंभाचे मोठे फलक उभे राहतील. त्या प्रदर्शनांत परिषदेच्या शेवटी झालेल्या बायकांच्या त्या सभेलाही एक भिंत मिळायला हवी. आखूड लुगडं कसं असायचं, गळसऱ्या आणि कथलाच्या पाटल्या कशा असायच्या, आणि त्या दिवशी काय बदललं, हे तिथे प्रत्यक्ष मांडता येईल. आणि त्या भिंतीच्या उरलेल्या अर्ध्या भागावर महाड, पोलादपूर, माणगाव, खेडच्या मुलींनी आणि बायकांनी स्वतः निवडलेले, स्वतः पाठवलेले आपले फोटो लावावेत, जिच्या तिच्या खऱ्या रंगात.